डावा डोळा मोठा

सोलापुरात समुद्राचा एक थेंब बघायला मिळणार नाही. तरीही सत्तरच्या दशकात खोल समुद्रातला एक राक्षस आमच्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, कपाटाच्या दुसऱ्या फळीवर राहत होता. राक्षस म्हणजे वीतभर लांबीचा. मी तिथे नुकतीच डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले होते, तीही तात्पुरती, मार्चपर्यंत. त्यामुळे तो माझ्यापेक्षा पक्क्या नोकरीत होता असं म्हणायला हरकत नाही.

तो आला तो दिवस मी कधी विसरणार नाही. आमच्या विभागप्रमुख सरांचा एक वर्गमित्र मासेमारीच्या संशोधनाच्या बोटीवर होता. त्याने बरणी भुशात, भुसा पत्र्याच्या डब्यात आणि डबा गोणपाटात असा थाटमाट करून तो रेल्वेने पाठवला. आमचा शिपाई वळसंगचा. त्याने डबा उघडला, बरणी उजेडात धरली आणि एकदम लांब केली.

"म्याडम, ह्याचा एक डोळा सुजलाय की वो!"

"सुजलेला नाही. तसाच असतो तो."

"असा कुटं असतोय व्हय? लई तिरळं हाय ह्ये. आन् ह्ये खायचं असतंय?"

"हे माकूल, इंग्रजीत स्क्विड. कोकणात माकूल खातात. हा मात्र खाऊन उपयोग नाही, याच्या अंगात नवसागर असतो."

"नवसागर? कल्हईचा?"

"कल्हईचाच."

शिपायाने बरणी टेबलावर ठेवून हात पुसले. भांड्याला कल्हई करताना कापसाच्या बोळ्यावर जो नवसागर टाकतात तो एखादा प्राणी अंगात बाळगतो, हे त्याला तिरळेपणापेक्षाही जास्त खटकलं. पण ते खरं आहे. या कुळातल्या माकुलांच्या मांसात नवसागराचं पाणी भरलेलं असतं. ते खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं, म्हणून हा प्राणी हातपाय न हलवता पाण्यात नुसता टांगल्यासारखा राहू शकतो. दोरी नाही, खुंटी नाही, तरी टांगलेला. शिकवताना माझी ही आवडती जागा होती. इथे आले की मी विद्यार्थ्यांसमोर दोन्ही हात लोंबते सोडून उभी राहत असे आणि मागच्या बाकावरून हमखास हसू येत असे.

त्याचा बाकीचा देह मी सरांकडून शिकले. सर मूळचे अक्कलकोटकडचे, घरी कानडी, वर्गात मराठी, आणि या माकुलाबद्दल बोलताना त्यांचा आवाज देवळात गेल्यासारखा खाली यायचा. आठ हात, दोन लांब शुंडा, म्हणजे भक्ष्य पकडायच्या सोंडा. हातांच्या मधोमध पोपटासारखी चोच. हृदयं तीन. जिवंतपणी रंग लालसर, कारण खोल पाण्यात लाल रंग पोचतच नाही आणि तिथे लाल म्हणजे काळाच. आमच्या बरणीत तो रंग धुऊन गेला होता आणि चहाच्या फडक्यासारखा डाग उरला होता. अंगावर ओळीने बारीक ठिपके. ते दिवे. पोटाकडच्या बाजूला दाट, पाठीकडे विरळ.

"पोटाकडे का दाट, सांगा," सर विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच सांगायचे. "वरून थोडासा उजेड झिरपतो, असं की नाही? खालून कोणी बघितलं तर याची काळी सावली दिसणार. म्हणून हा पोटाचे दिवे लावतो, वरच्या उजेडाएवढेच, कमी नाही, जास्त नाही. सावली पुसली जाते. अंधारात लपायला लोक दिवा विझवतात. हा लावतो."

आणि डोळे. डावा डोळा उजव्याच्या दुपटीने मोठा, नळीसारखा बाहेर आलेला, भिंग पिवळसर. उजवा लहान, बसका, भोवती दिव्यांचं कडं. सर म्हणत, तर्क असा आहे की हा प्राणी तिरका पोहतो, डोकं खाली करून. मोठा डोळा वर, झिरपत्या उजेडात कोणाची सावली सरकते ते बघायला. लहान डोळा खाली, काळोखात कोणाचा दिवा चमकतो ते बघायला. एकच प्राणी, पण त्याला दोन वेगळ्या जगांवर नजर ठेवावी लागते.

"जन्मतः मात्र दोन्ही डोळे सारखे," सर पुढे म्हणायचे. "पिल्लू असताना दोन्ही सारखे. खाली उतरू लागलं की डावा वाढतो."

एवढं करूनही देवमासा त्याला गिळतोच. देवमाशाच्या पोटात बाकी सगळं विरघळतं, चोची तेवढ्या उरतात, ढिगाने. हे सांगून झालं की सर बरणीवर पंचा टाकायचे. उजेडाने नमुना खराब होतो, म्हणून.

आता घर. आम्ही पूर्व भागात राहायचो, विणकरांच्या वस्तीत. घरी तेलुगू, पण मी इथे सगळं मराठीतच सांगते. माझे वडील, नायना, एका चादरींच्या कारखान्यात नक्षी काढायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणत. काम असं: मोठ्या चौकड्यांच्या कागदावर, ज्याला आम्ही नुसतं ग्राफ म्हणायचो, एकेक चौकट रंगवत मोर, कमळ, वेलबुट्टी उतरवायची. एक चौकट म्हणजे एक धागा. तो ग्राफ वाचून दुसरा माणूस पुठ्ठ्यांना भोकं पाडतो, आणि त्या भोकांबरहुकूम माग नक्षी विणतो.

यात एक खुबी असते. चादरीवरचा मोर समोरासमोर जोडीने असतो ना? मास्तर त्यातला एकच काढतो. मागावर दोऱ्या अशा बांधलेल्या असतात की डावीकडे जे उमटेल तेच उलटं होऊन उजवीकडे उमटतं. अर्धं माणसाचं, अर्धं मागाचं. नायनांनी वीसेक वर्षं अशी अर्धी चित्रं काढली होती.

त्या वर्षी मालकांना नवीन माल हवा होता: भिंतीवर टांगायचं विणलेलं चित्र. तळं, झोपडी, एका बाजूला सूर्य, दोन हरणं, दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी बघणारी. तिथे मागाची मदत नाही. पूर्ण कागद हाताने भरायचा. मालकांनी लहान रंगीत चित्र नायनांना देऊन दोन महिने झाले होते आणि ग्राफ पुढे सरकत नव्हता. मालक बोलायला गोड माणूस. म्हणाले, "मास्तर, घाई नाही. पण मुंबईच्या आर्ट स्कूलमधला एक मुलगा विचारून गेलाय." म्हणजे काय ते आम्हाला कळलं. हा ग्राफ झाला तर नायनांचं टेबल राहणार, नाही झाला तर जाणार. माझी नोकरी मार्चपर्यंत. अम्माच्या शिवणयंत्रावर घर चालत नव्हतं. जेवताना कोणी हरिण हा शब्दसुद्धा काढत नसे.

अशात कॉलेजात विज्ञान प्रदर्शन ठरलं. सरांना माकुलाचा मोठा तक्ता हवा होता, हातभर नव्हे, पुरुषभर उंचीचा. मला रेघ सरळ काढता येत नाही, पण तोंड पुढे असतं. मी म्हणाले, "माझे वडील काढतील, सर."

घरी येऊन मी सरांचं छोटं रेखाटन नायनांसमोर ठेवलं. त्यांनी ते खिडकीशी नेलं, खूप वेळ बघितलं. "दोन दिवस दे," म्हणाले. मला वाटलं, हरणांपासून दोन दिवस सुटका, म्हणून खूश झाले असतील.

दोन दिवसांनी त्यांनी तक्ता भिंतीला टाचला. काय सांगू! तांबडा, झळाळता, एकेक दिवा सोनेरी. हात असे वळलेले की आत्ता पकडतील. शेजारच्या दोघी-तिघी बघायला आल्या होत्या. आणि डोळे? दोन्ही मोठे. दोन्ही पिवळे. अगदी सारखे, चादरीवरच्या मोरांसारखे.

मी कपाळावर हात मारला. मारला तर मारला, वर नाटकही केलं. खुर्चीवर चढले आणि म्हणाले, "बायांनो, पाहून घ्या! साऱ्या समुद्रात एकच प्राणी तिरळा, आणि सोलापूरच्या मास्तरांनी त्यालाही चष्मा न लावता सरळ केला!"

बाया हसल्या. अम्मा हसली नाही.

"नायना, उजवा लहान आहे. तुम्ही अर्धा काढलात आणि उरलेला उलटा करून चिकटवलात, हो ना?"

"सवय," नायना म्हणाले.

"सरांनी स्पष्ट काढलाय की लहान!"

"लहान कुठे काढलाय?"

"हा काय, इथे!"

ते रेखाटनावर वाकले. बोट माझ्या बोटाशेजारी आणलं, पण ते पडलं दुसरीकडेच. "हं," म्हणाले. मग लाडाने, लेकराला म्हणतात तसं, "बिड्डा, मला तो प्राणीच दाखव. कागदावरून नाही जमत."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना कॉलेजात घेऊन गेले. धुतलेला शर्ट, टोपी. शिपायाने मोठ्या उत्साहाने बरणी टेबलावर आणली. "बगा मास्तर, ह्येच त्ये. आमी तर ह्याला हातबी लावला न्हाय अजून." सर स्वतः उठून आले आणि पंचा काढला. खिडकीतून उजेड सरळ बरणीवर पडला.

नायना वाकले. मग त्यांनी मान डावीकडे वळवली, आणखी वळवली, अख्खा खांदा फिरवला, जणू बरणी त्यांच्या उजव्या कानाशी काहीतरी सांगत होती. मी एकीकडे सुरूच, "हा मोठा, हा वर बघतो, हा लहान." सर मात्र बरणीकडे बघत नव्हते. त्यांनी हळूच हात उचलला आणि नायनांच्या डाव्या डोळ्याच्या बाजूला बोट नेलं. अगदी पापणीजवळ. पापणी हलली नाही.

"मास्तर," सर देवळातल्या आवाजात म्हणाले, "डावा किती दिवसांपासून?"

मला आधी वाटलं, माकुलाबद्दलच विचारतायत.

नायनांनी टोपी काढली, परत घातली. "मागच्याच्या मागची दिवाळी," ते म्हणाले. "आधी कडेकडेने गेलं. आता उजव्याच्याही कडा जातायत. समोरचं दिसतं. मध्ये जेवढं दिसतं तेवढं दिसतं."

"आणि काम?"

"अर्धंच चित्र काढायचं, तर डोळाही अर्धाच पुरतो, साहेब. टाचणी टोचून चौकटी मोजतो. उरलेलं माग करतो." मग माझ्याकडे वळून, मी उभी होते त्याच्या थोडं पलीकडे बघत, "तुझ्या अम्माला ठाऊक आहे. तू बोलकी, म्हणून तुला सांगितलं नाही."

शिपाई हळूच बाहेर गेला. मी तिथे इतके महिने रोज डोळ्यांवर व्याख्यानं देत होते. हातवारे करून.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं थेंब घालून राखायचं. किती राहील, ते त्यांनीही सांगितलं नाही.

प्रदर्शनात सरांनी नायनांचाच तक्ता लावला. मी म्हणाले, तो चूक आहे. सरांनी पेन काढलं आणि खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं: बाल्यावस्था, दोन्ही नेत्र समान. शेजारी प्रौढ माकुलाचा तक्ता मी काढून टांगला. तो बघून शाळेची पोरं म्हणाली, ही कुठली भाजी? मी दोन दिवस आवाज बसेपर्यंत ओरडत होते, "या, बघा, एक डोळा स्वर्गाला, एक पाताळाला!" लोक भरपूर आले. सगळे आधी नायनांच्या पिल्लासमोर थांबत. नायना आले नाहीत.

मग हरणं. मालकांनी पंधरा दिवसांची मुदत दिली होती. मी घरात जाहीर केलं की ग्राफ होणार. नायनांनी सूर्याकडची डावी बाजू करायची, उजवी मी. अम्मा लहान चित्रावर जाळी आखून एकेक ओळ वाचणार. रोज सकाळी कॉलेजच्या आधी आम्ही तिघं खिडकीशी.

"सात हिरवे, एक काळा, दोन हिरवे."

"दोन की तीन?"

"दोन! मी हरिण वाचतेय, रामायण नाही."

नायना टाचणीने मोजत, ब्रश टेकवत, पुन्हा टाचणी. त्यांच्या अर्ध्यात तळ्याचं पाणी हलायला लागलं. माझ्या अर्ध्यात झोपडी कलली. रंग चौकटीबाहेर गेला की नायनांना तो दिसत नसे, पण ब्रशचा आवाज ऐकून ते म्हणत, "ओला जास्त आहे." मी तेवढ्यापुरता कोरडा करी. शेवटच्या दिवशी आम्ही कागद गुंडाळला तेव्हा अम्माने त्याला हळदकुंकू लावलं. मला खरंच वाटलं, जमलं.

गुंडाळी घेऊन मीही नायनांबरोबर कारखान्यात गेले. मालकांनी ग्राफ उभा लावला, आठ-दहा पावलं मागे गेले. माग बाहेर खडखडत होते. 

"मास्तर, डावीकडचं हरिण पाणी पितंय," ते म्हणाले. "उजवीकडचं कोणाचं आहे?"

मी लगेच पुढे झाले. "नायनांना ताप होता, चार दिवस, मलेरियाच म्हणाले डॉक्टर, हात इतका थरथरत होता की..."

"बिड्डा," नायना म्हणाले. मी थांबले. "उजवीकडचं माझ्या मुलीचं आहे, मालक. मला डाव्या डोळ्याने दिसत नाही. उजवाही चाललाय."

मालक खुर्चीत बसले. "आधी सांगायचं ना, मास्तर."

"सांगितलं असतं तर?"

मालकांनी ग्राफ उतरवून नीट गुंडाळला. ते वाईट नव्हते. त्यांनी चहा मागवला. चहा झाल्यावर म्हणाले, टेबल त्या मुंबईच्या मुलाला द्यावं लागेल, पण तुम्ही कुठे जायचं नाही, गेटवर बसा, येणाऱ्या-जाणाऱ्याला ओळखता, आवाजावरून ओळखाल. नायनांनी मान डोलावली. रंगांचा डबा तिथेच ठेवला. मी उचलायला गेले तर म्हणाले, "राहू दे. त्याला लागेल."

ते गेटवर बसू लागले. खाकी शर्ट, लाकडी स्टूल. कामगार जाता-येता "मास्तर" म्हणतच राहिले, काही जण थांबून बोलत. मार्चमध्ये सरांनी खटपट करून माझी नोकरी पुढे ढकलली. माझा कॉलेजचा रस्ता त्या गेटसमोरून जायचा. नायना गेटवर बसू लागले त्या पहिल्याच सोमवारी मी सायकलवरून तिथून गेले. ते उजेडात बसले होते, मान वळवून, खांदा फिरवून, कोण येतंय ते शोधत. मी घंटी वाजवली नाही. दुसऱ्या दिवसापासून मागच्या गल्लीतून जाऊ लागले. तिकडून दूर पडायचं.

असे चार महिने गेले. मी घरी कॉलेजातल्या गमती सांगायचे, शिपायाची नक्कल करायचे, सरांची करायचे, नायना खळखळून हसायचे. एकदा जेवताना ते सहज म्हणाले,

"रस्ता बदललास का?"

अम्मा भाकरी वाढत होती. तिचा हात थांबला.

"हो," मी म्हणाले. "तिकडे खड्डे फार झालेत."

"झालेत खरे," नायना म्हणाले, आणि ताटात चाचपून मिठाची जागा शोधू लागले.